सुटं पनीर आयोडीननं निळं झालं, बिल नाही, आता तक्रार कशी करायची?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात परत लिहितो. विट्यात मुलाच्या वाढदिवसाला ओळखीच्या दुकानातनं दीड किलो सुटं पनीर आणलं, किलोला २२० रुपये, भाजी रबरासारखी लागली म्हणून उरलेल्या तुकड्यावर आयोडीनचे थेंब टाकले तर ते निळंकाळं झालं, दुकानदाराला विचारलं तर म्हणाला कुठं तक्रार करायची तिथं करा, बिल घेतलेलं नाही, पाव किलो पनीर अजून फ्रिजमध्ये आहे, आणि त्यात सासूबाई म्हणतायत की रेशनच्या तांदळात पण प्लास्टिक येतंय. तर काय करायचं आणि कुठं जायचं.

मी सांगली-मिरज भागात २६ वर्षं दूध आणि खाद्यपदार्थ तपासायचं काम करतोय, आधी डेअरीच्या लॅबमध्ये आणि नंतर टेस्टिंग लॅबमध्ये. या वर्षांत माझ्याकडं डब्यात, पिशवीत, कागदाच्या पुडीत नमुना घेऊन आलेली शेकडो माणसं बघितली. त्यातल्या बऱ्याच जणांची शंका खरी निघाली पण हातात काहीच पडलं नाही, कारण कायद्याला जे लागतं ते त्यांनी आधीच टाकून दिलेलं असतं. म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं सविस्तर लिहितो.

आधी पनीर. आयोडीन निळं झालं याचा अर्थ त्यात स्टार्च आहे, म्हणजे मैदा, कॉर्नफ्लोअर, आरारूट असं काहीतरी. दुधात स्टार्च नसतोच, त्यामुळं पनीरमध्ये तो आपोआप येत नाही. पण तुम्ही टेस्ट कशी केली ते बघा. बरोबर पद्धत अशी की पनीरचा छोटा तुकडा थोड्या पाण्यात उकळायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग टिंक्चर आयोडीनचे दोनतीन थेंब टाकायचे. गरम असताना टाकलं तर निळा रंग येतच नाही, आणि लोक म्हणतात पनीर चांगलंय. उलट ज्या सुरीनं बटाटा चिरला त्याच सुरीनं पनीर कापलं, किंवा पनीर कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळायचं म्हणून त्याच ताटलीत ठेवलं होतं, तर चांगलं पनीर पण निळं दिसतं. तुम्ही फ्रिजमधला न शिजवलेला तुकडा घेतला असं लिहिलंय त्यामुळं तुमची शंका मला रास्त वाटते. आणि टेस्ट केलेला तुकडा खायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

पण आयोडीनच्या आधी मी दर बघितला असता. म्हशीच्या चांगल्या ५ लिटर दुधातनं साधारण १ किलो पनीर पडतं, गाईचं असेल तर दूध त्याहून जास्त लागतं. दूध घाऊकमध्ये ५० रुपयानं जरी मिळालं असं धरलं तरी नुसत्या दुधाचे २५० झाले, त्यावर गॅस, मजुरी, गाडीभाडं, दुकानदाराचं मार्जिन. मग २२० ला किलो पनीर कुणाला परवडणार? हा हिशोब पेढा, खवा, तूप सगळ्याला लागू होतो. तूप त्याला लागणाऱ्या दुधापेक्षा स्वस्त पडायला लागलं की तिथंच थांबायचं.

आता हे २२० वालं पनीर नक्की असतं काय? बहुतेक वेळा ते ज्याला अॅनालॉग म्हणतात ते असतं, म्हणजे स्किम मिल्क पावडर, पामतेल आणि घट्टपणासाठी स्टार्च वगैरे घालून केलेली वडी. हे विष नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक लगेच युरिया आणि डिटर्जंटपर्यंत जातात आणि घरात म्हातारी माणसं घाबरून जातात. असा पदार्थ त्याच्या खऱ्या नावानं, लेबलवर घटक लिहून विकला तर तो विकता येतो. चूक ही आहे की तो तुम्हाला पनीर म्हणून विकला. पनीरला स्टँडर्ड ठरलेलं आहे, पाणी सोडून जो कोरडा भाग उरतो त्यात निम्मा तरी दुधाचा फॅट पाहिजे. लॅबमध्ये आम्ही फॅट वेगळा काढून त्याची आरएम व्हॅल्यू, म्हणजे फॅट दुधाचा आहे की नाही ते सांगणारा आकडा, बघतो, दुधाच्या फॅटची ती साधारण २४ ते ३० अशी येते आणि पामतेलाची जवळपास शून्य, त्यामुळं तिथं लपवाछपवी चालत नाही. तुमच्या मुलानं खाल्लं, त्याला काही झालेलं नाही, तर त्या बाबतीत जिवाला घोर लावून घेऊ नका. पण दुधाचे पैसे देऊन तुम्हाला तेल मिळालं, ही फसवणूकच आहे आणि तिची तक्रार झालीच पाहिजे.

कायद्यात यासाठी तीन वेगवेगळे शब्द आहेत आणि ते माहीत असले की ऑफिसात बोलताना फरक पडतो. आपला कायदा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चा, प्रत्यक्ष लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासनं. त्यात एक असतं असुरक्षित अन्न, म्हणजे ज्यानं तब्येतीला धोका आहे, यात जेल पण आहे. दुसरं कमी दर्जाचं, म्हणजे स्टँडर्डमध्ये बसत नाही पण लगेच अपाय होईल असं नाही, यात दंड ५ लाखापर्यंत. तिसरं मिथ्याछाप, म्हणजे लेबल खोटं किंवा अपुरं, दंड ३ लाखापर्यंत. तुमचं पनीर बहुधा कमी दर्जाच्या खान्यात बसेल. लोक अर्जात सरळ लिहितात की विषारी पनीर विकून जिवे मारण्याचा प्रयत्न, आणि मग रिपोर्टमध्ये विषारी काही निघालं नाही की सगळी तक्रारच फुसकी वाटायला लागते. जे दिसलं तेवढंच लिहायचं.

आता फ्रिजमधला पाव किलो. ताई, वाईट वाटेल पण तो कायद्याच्या दृष्टीनं नमुना नाही. कारण तो तुमच्या घरात, तुमच्या डब्यात, तुमच्या हातात होता, दुकानदाराचा वकील म्हणेल की हे पनीर आमचं कशावरनं? अधिकृत नमुना अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात जाऊन, दुकानदाराला नोटीस देऊन, साक्षीदारासमोर घेतो, त्याचे चार भाग करतो आणि प्रत्येक भाग सील करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडं, म्हणजे नमुना तपासून रिपोर्ट देणाऱ्या अधिकाऱ्याकडं जातो, दोन वरच्या अधिकाऱ्याकडं राहतात, आणि दुकानदारानं मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त लॅबला जातो. म्हणजे दुकानदाराला पण स्वतःची बाजू तपासून घ्यायची सोय आहे, आणि ती असायलाच पाहिजे.

एक प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. मे महिन्यात एक रिटायर झालेले गुरुजी साताऱ्याहून एसटीनं आले होते, मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात आठ पेढे, वर ओला रुमाल गुंडाळलेला. नातीला पेढा खाऊन उलट्या झाल्या म्हणून तपासायला आणलेले. पेढे घेऊन तीन दिवस झालेले, डबा दोनदा उघडलेला, गाडीत चार तास गरम झालेला. मी झाकण उघडलं तर कडेला घाम सुटलेला आणि एका पेढ्यावर बारीक पांढरी लव आलेली. त्यांना मला सांगावं लागलं की गुरुजी, यात आता जे जंतू निघतील ते दुकानातले की डब्यातले हे मलाच काय कुणालाच सांगता येणार नाही. ते काही बोलले नाहीत, झाकण लावलं आणि परत रुमाल गुंडाळला. पेढे त्याच दिवशी बर्फावर ठेवून आणि तेव्हाच कळवून आले असते तर काहीतरी हाती लागलं असतं. मला आजपण त्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवल्याचं लागतं.

त्यामुळं दुकानातनं आणलेलं खाऊन कुणी आजारी पडलं तर क्रम असा ठेवा. आधी डॉक्टर. केसपेपरवर काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता त्रास सुरू झाला हे डॉक्टरांना लिहायला सांगा, लाजू नका, ते लिहिणं त्यांचं काम आहे. उरलेलं अन्न आहे त्या पॅकिंगसकट स्वच्छ पिशवीत घालून फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. रॅपर, डबा, स्टिकर काही फेकायचं नाही. आणि त्याच दिवशी फोन. वेळ का महत्त्वाची ते सांगतो, खाल्ल्यावर दोनचार तासात जोरात उलट्या झाल्या तर बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस जंतूचं विष असतं, ते खव्याच्या, क्रीमच्या पदार्थात, हातावरच्या जखमेतनं, उघड्यावर शिंकल्यानं येतं आणि एकदा तयार झालं की पदार्थ परत उकळून पण जात नाही. म्हणून लग्नातलं उरलेलं अन्न "परत उकळी काढली की झालं" हे खरं नाही. शिजवलेलं अन्न एकतर ६० डिग्रीच्या वर गरम नाहीतर ५ डिग्रीच्या खाली गार, मधल्या तापमानात दोन तासाच्या वर ठेवायचं नाही. आपल्याकडं यात्रेत, जावळाच्या जेवणात सकाळी केलेली बासुंदी दुपारी तीनपर्यंत मांडवात असते, तिथंच घोळ होतो.

आता मुद्द्याचं, तुम्ही काय करायचं. दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार, सगळे एफडीए म्हणतात ते. विटा सांगली जिल्ह्यात, म्हणून सांगलीचं ऑफिस, कराड-वाई-फलटणवाल्यांनी साताऱ्याचं. तिथं सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावानं अर्ज द्यायचा. जाणं जमत नसेल तर एफडीएचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५, केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १८००-११२-१००, आणि फूड सेफ्टी कनेक्ट नावाचं अॅप आहे त्यात फोटो टाकून तक्रार करता येते, तक्रारीचा नंबर मिळतो तो जपून ठेवा. तक्रारीवरनं अधिकारी दुकानात जाऊन स्वतः नमुना घेऊ शकतो आणि त्या नमुन्याला किंमत असते. मग तुमचं जुनं बिल नसलं तरी अडत नाही, कारण नमुना नवीन घेतला जातो. बिल असतं तर तक्रार जास्त पक्की झाली असती एवढंच.

दुसरा रस्ता फार कमी लोकांना माहीत आहे. त्याच कायद्याच्या ४० व्या कलमात लिहिलंय की कुठलाही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडनं तपासून घेऊ शकतो आणि त्याला रिपोर्ट मिळाला पाहिजे. अट एकच, घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. आणि रिपोर्टमध्ये माल कायद्यात बसत नाही असं निघालं तर भरलेली फी परत मिळते. आता खरं सांगायचं तर विट्यासारख्या गावात, रोजच्या ओळखीच्या दुकानात उभं राहून हे बोलणं सोपं नाही हे मला कळतं. पण ज्यांना गावच्या महिला मंडळातर्फे, शाळेच्या पालकांतर्फे जायचंय त्यांनी हे कलम लक्षात ठेवा, चारजणी मिळून गेल्या की बोलायला धीर येतो.

रिपोर्टला वेळ लागतो. विश्लेषकाकडं नमुना पोचल्यापासनं १४ दिवसांची मुदत आहे, त्यानंतर दुकानदाराला अपील करायला ३० दिवस मिळतात, मग पुढची सुनावणी. अधिकारी कमी आणि तालुके जास्त अशी परिस्थिती आहे, त्यामुळं आठ दिवसात काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका, तक्रारीचा नंबर सांगून विचारत राहायचं.

तुमच्या दुकानदाराबद्दल पण दोन शब्द. तो तुमच्याशी वाईट बोलला, पण तो स्वतः पनीर बनवत नाही, कुणीतरी टेम्पोतनं आणून देतो. कायदा सांगतो की किरकोळ दुकानदारानं परवाना असलेल्या माणसाकडनंच माल घ्यायचा, त्याचं बिल ठेवायचं आणि मालाच्या दर्जाची लेखी हमी घ्यायची, फॉर्म ई म्हणतात त्याला. त्यानं हे केलं असेल तर तो सुटू शकतो आणि चौकशी मागं टेम्पोवाल्यापर्यंत, बनवणाऱ्यापर्यंत जाते. आणि तीच जायला पाहिजे, कारण तो एकटा शंभर दुकानांना देत असणार. म्हणून व्हिडिओ काढून दुकानाच्या पाटीसकट ग्रुपवर टाकू नका. रिपोर्ट यायच्या आधी नाव टाकलं आणि पनीर चांगलं निघालं तर एका माणसाचा धंदा बुडाला आणि तुमच्यावर उलटी केस. मी असं एक कुटुंब बघितलंय, दुधात भेसळ म्हणून व्हिडिओ फिरला, रिपोर्ट चांगला आला, पण तोपर्यंत त्यांचे ६० लिटरचे रतीब तुटलेले होते, ते परत आले नाहीत.

पुढच्या वेळी बिल घ्या ताई, २०० रुपयाचं असलं तरी घ्या. १ जानेवारी २०२२ पासनं खाद्यपदार्थाच्या बिलावर एफएसएसएआयचा नंबर लिहिणं सक्तीचं आहे. हा १४ आकडी नंबर वाचायला शिका, अवघड नाही. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी, म्हणजे छोटा धंदा. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला १५ आहे, म्हणून आपल्याकडचे परवाने ११५ नं आणि नोंदण्या २१५ नं सुरू होतात. १०० नं सुरू झाला तर केंद्राचा परवाना, मोठ्या कंपन्यांचा असतो. फॉसकॉस नावाची सरकारी साईट आहे, तिथं नंबर टाकला की कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर, कशासाठी घेतलाय आणि चालू आहे की संपलाय हे मोबाईलवर दिसतं. मी एकदा मिरजेत तिखटाच्या पाकिटावरचा नंबर टाकून बघितला तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका बेकरीचा निघाला. एवढ्या एका गोष्टीवर तक्रार दाखल होते, लॅबची गरजच नाही. पण उलटं समजू नका, नंबर आहे म्हणजे माल शुद्ध आहे असा शिक्का नाही तो. जबाबदार कोण आणि तो कुठं सापडेल, एवढंच तो सांगतो. पण तेच नसेल तर पुढचं काम अवघड होतं.

आता सासूबाईंचा तांदूळ, याच्यावर मला मनापासनं लिहायचंय. जतकडच्या एका गावात गेलो होतो, तिथं एक आजी ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या, रेशनचा तांदूळ पाखडून त्यातले जरा पिवळसर, जास्त गुळगुळीत, एकसारखे दाणे नखानं एकेक उचलून अंगणात कोंबड्यांना टाकत होत्या. म्हणाल्या, प्लास्टिक हाय, पाण्यात तरंगतंय. मूठभर दाणे काढलेले त्यांनी, तासभर बसून. ताई, ते प्लास्टिक नाही. तो फोर्टिफाइड तांदूळ आहे, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी १२ मिसळून परत तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि साध्या तांदळात १०० ला १ या प्रमाणात मिसळतात. रक्त कमी असलेल्या बायका आणि पोरांसाठीच ते घातलेलं आहे. म्हणजे त्या आजी सुनेच्या आणि नातवंडांच्या वाटचं लोह कोंबड्यांना टाकत होत्या, आणि हे का, तर कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला म्हणून. त्यांचा काय दोष, त्यांना दुकानात कुणी दोन मिनिटं समजावून सांगितलंच नव्हतं. खरं प्लास्टिक गरम तव्यावर वितळून वास मारतं, हे दाणे जळून काळे कोळसा होतात, चार दाणे टाकून सासूबाईंना समोर दाखवा. भाताचा गोळा करून आपटला की उड्या मारतो तो पण स्टार्चचा चिकटपणा असतो. फक्त घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा पेशंट असेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारून मग खायला द्या.

हळदीचं विचारलेलं नाही पण सांगलीत राहून हळदीवर बोललो नाही तर कसं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, देशभरातले व्यापारी इथल्या यार्डात येतात, म्हणून इथल्या माणसांनी तरी चांगली हळद ओळखावी असं मला वाटतं. घरी करायची टेस्ट म्हणजे ग्लासभर पाण्यावर चमचाभर पूड सोडायची, ढवळायचं नाही. चांगली पूड हळूहळू तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, रंग घातलेला असेल तर पाण्यात लगेच गडद पिवळे धागे उतरायला लागतात. पण या टेस्टची मर्यादा सांगणारा कुणी भेटत नाही. हळदीत सगळ्यात घातक भेसळ म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचा पिवळा रंग, तो हळकुंडाला चकाकी यावी म्हणून लावतात, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे पाण्याची टेस्ट पास झाली तरी शिसं असू शकतं, ते लॅबच्या मशीनवरच कळतं. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, तेही हळूहळू, उलटी नाही, ताप नाही, काही कळत नाही. त्यामुळं पिवळीजर्द, नको तेवढी चमकणारी हळकुंडं घेऊच नका. मातकट दिसणारं, मोडल्यावर आत केशरी असलेलं हळकुंड ओळखीच्या शेतकऱ्याकडनं घ्या आणि गिरणीत समोर दळून आणा. हळद खरेदीला जाणाऱ्या बायका सगळ्यात चमकदार ढिगाकडं जातात हे मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि व्यापारी पण तेच बघतोय.

गुळाचं तेच. पांढरट पिवळा गूळ मागायची सवय आपणच लावली, मग गुऱ्हाळवाला हायड्रॉस, म्हणजे रंग उजळ करणारं सल्फरचं रसायन, टाकणार नाहीतर काय करणार, काळा गूळ केला तर त्याला भाव पाडून मिळतो. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात ७० भाग आहे. कराड, शिराळा भागात अजून रानभेंडीच्या चिकानं मळी काढणारी गुऱ्हाळं आहेत, तो गूळ तांबूस काळपट असतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. घरात दम्याचा पेशंट असेल तर तोच घ्या, सल्फरवाल्या गुळानं आणि तसल्याच बेदाण्यानं काहींना धाप लागते.

उपवास जवळ आला की भगरीचं लक्षात ठेवा, सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ घेऊ नका. ओलसर जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी येते, तिचं विष चढतं, आषाढी, नवरात्र, महाशिवरात्रीला गावच्या गावं हॉस्पिटलात भरती झालेली आपण वाचतोच. पाकिटातली घ्यायची, तारीख बघायची, निवडून धुवून लागेल तेवढीच दळायची.

तारखेवरनं आठवलं. पाकिटावर "एक्स्पायरी" किंवा "यूज बाय" असेल तर त्या तारखेनंतर खायचं नाही, विकायचं पण नाही. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा चांगला राहील, दुसऱ्या दिवशी ते विष होत नाही. आणि मिठाईच्या दुकानात काचेत सुट्या ठेवलेल्या ट्रेवर पण बेस्ट बिफोर तारीख लावायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासनं आहे. साताऱ्याचा कंदी पेढा खवा चांगला भाजून केलेला असतो, पाणी कमी, म्हणून तो मलई पेढ्यापेक्षा जास्त टिकतो, पण कुठला कधी केलाय हे विचारायचा हक्क तुमचा आहे, विचारत जा.

तुम्हाला पैसे परत किंवा भरपाई पाहिजे असेल तर ते एफडीए देत नाही, हे आधीच समजून घ्या, नाहीतर हेलपाटे होतात. एफडीए दुकानदारावर कारवाई करतं. पैशासाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, बरेच विषय तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासनं दोन वर्षांच्या आत, वस्तूची किंमत ५ लाखापर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि २०१९ च्या कायद्यामुळं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते. असुरक्षित अन्नामुळं जीव गेला तर कमीत कमी ५ लाख भरपाई, गंभीर इजा झाली तर ३ लाखापर्यंत, अशी तरतूद अन्न सुरक्षा कायद्यातच ६५ व्या कलमात आहे. पण तिथं पण केसपेपर आणि बिलच लागतं.

तर ताई, फ्रिजमधल्या पनीरचा निळ्या तुकड्यासकट उजेडात फोटो काढा, मग ते टाकून द्या, गाईला पण घालू नका. आणि कागदावर एवढंच लिहा:

"मा. सहायक आयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन, सांगली. मी अमुक तारखेला संध्याकाळी अमुक वाजता विटा येथील अमुक दुकानातून (जवळची खूण) सुटे पनीर दीड किलो, दर २२० रुपये, विकत घेतले. बिल दिले नाही. पनीर चिवट लागले व घरी उकळून गार करून आयोडीन टाकले असता निळे झाले, फोटो सोबत जोडला आहे. दुकानात परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला दिसला / दिसला नाही. तरी सदर दुकानातील पनीरचा नमुना घेऊन तपासणी व्हावी, पुरवठादाराची चौकशी व्हावी आणि अहवालाची माहिती मला मिळावी."

खाली नाव, पत्ता, मोबाईल, सही. दुकानदाराला नाव कळेल अशी भीती वाटत असेल तर नाव गुप्त ठेवावं अशी विनंती त्याच अर्जात एका ओळीत लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवा, आणि जायच्या आधी घरची आयोडीनची टेस्ट खरंच उकळून गार करून केली होती का ते एकदा आठवून बघा, नसेल तर फेकायच्या आधी तेवढी परत करा आणि फोटो नवीन जोडा.